भाग चारशे बारामधलं करवंद

एका जंगलात एक मालिका चालू होती.

सिंह राहत होता असं मी म्हणेन, असं वाटलं ना तुम्हाला? सिंहही होता, मुलांनो. पण संध्याकाळ झाली की तोही मालिकाच बघत बसायचा. त्यामुळे आपल्या गोष्टीत त्याचं काही काम नाही.

मालिकेचं नाव होतं 'सासरची ढोली'. एका गरीब खारीचं एका श्रीमंत ढोलीत लग्न होतं आणि सासू तिला छळते. बस्स, एवढंच. एवढ्यावर मालिका अकराशे भाग चालली होती. छळ संपत आला की निर्माता अस्वल एक नवीन आत्या आणायचा.

खारीचं काम एका शेकरूने केलं होतं. शेकरू म्हणजे खारीच्या चौपट. एवढी मोठी खार कुठे असते, असं जंगलात कुणीही विचारलं नाही. मालिकेत चालतं. पुढे शेकरूबाईंचं वय झालं, तेव्हा अस्वलाने भाग सहाशेमध्ये खारीला दरीत पाडलं आणि तिचा चेहरा बदलला. आता तिचं काम एक खरीखुरी खार करू लागली. तेव्हा मात्र सगळे म्हणाले, "ही काही खारीसारखी वाटत नाही बुवा."

डोंगरावर टॉवर आलेला होता. ज्याला पंजा होता त्याच्या पंज्यात फोन होता आणि ज्याला खूर होता त्याच्या खुरात. मालिकेच्या पानावर प्रतिक्रिया लिहायला जागा असायची. मालिका अर्धा तास चालायची. प्रतिक्रिया दुसऱ्या दिवशी मालिका सुरू होईपर्यंत चालायच्या.

प्रतिक्रिया लिहायची जंगलात एक प्रथा होती. स्वतःच्या नावाने लिहायचं नाही. आपण जे नाही, त्या नावाने लिहायचं. त्यामुळे ससा 'जबडेतोड' या नावाने लिहायचा. टिटवीचं नाव होतं 'मौन'. आणि तळ्याकाठी एका पायावर उभा राहून मासे टिपणारा बगळा 'निर्मळ मन' म्हणून ओळखला जायचा.

या जंगलात खवलेपंत नावाचं एक खवले मांजर होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खवले मांजर पाहिलेलं नसेल. त्याच्या अंगभर खवले असतात, ते वाळवी खातं, आणि जरा भीती वाटली की स्वतःला चेंडूसारखं गुंडाळून घेतं. खवलेपंत तर पान पडलं तरी गुंडाळून घ्यायचे. म्हणून त्यांनी 'निर्भय' हे नाव मागितलं. पण जंगलात आधीच बत्तीस निर्भय होते. पंत झाले 'निर्भय ३३'.

खवलेपंतांची बायको होती वेणू. दोघं मिळून मालिका बघायचे. बघायचे म्हणजे भांडायचे. खवले मांजरांना मुळातच कमी दिसतं. त्यामुळे भांडायला भरपूर वाव होता.

भाग चारशे बारा तुम्हाला माहीत नसेल. जंगलात मात्र तो सगळ्यांना पाठ होता. त्या भागात खार सासर सोडून जाते. जाताना हातातलं फळ ढोलीच्या उंबऱ्यावर ठेवते आणि म्हणते, "येताना एवढंच आणलं होतं. तेही ठेवून जाते." आणि तिची हनुवटी थरथरते. त्या हनुवटीवर सगळं जंगल रडलं होतं. मगरसुद्धा रडली होती, पण तिचं कुणी धरलं नाही.

सगळे रडत असताना वेणू म्हणाली, "अहो, आधी हातात करवंद होतं. ठेवताना जांभूळ कसं झालं?"

"जांभूळच होतं," पंत नाक पुसत म्हणाले.

"करवंद होतं."

"तुझे डोळे गेलेत."

"आपल्या जातीत डोळे होते कुणाला? पण करवंद होतं."

"जांभूळ!"

"करवंद."

पंत कूस बदलून झोपले. चार दिवसांनी वेणूला ताप आला, आणि त्या तापात ती गेली. बाकी सगळं बोलून झालं होतं. करवंदाचं तेवढं राहिलं.

अडीच वर्षं गेली.

एके दिवशी मालिकेच्या पानावर एक चित्र आलं. खार वाकून उंबऱ्यावर फळ ठेवते आहे. फळ स्पष्ट दिसत होतं. ते जांभूळ होतं. खाली लिहिलं होतं, 'हा प्रसंग आठवतोय का?'

'आठवतोय' असं दोन हजार जणांनी लिहिलं. खवलेपंतांनीही लिहायला घेतलं. त्यांची नखं मोठी असल्यामुळे एका अक्षराच्या जागी तीन अक्षरं उमटत. म्हणून ते जिभेने लिहीत. त्यांनी लिहिलं, 'आठवतोय. पण त्याआधी तिच्या हातात करवंद होतं.'

मुलांनो, त्यांना स्वतःला काही आठवत नव्हतं. त्यांना इतकंच ठाऊक होतं की वेणूचं माहेर करवंदीच्या जाळीखाली होतं. वाळवी खाणाऱ्या जातीत करवंद ओळखणारी ती एकटीच होती. ते करवंदच असायला हवं होतं. नाहीतर आपण तिला जे बोललो, ते तसंच राहतं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचं नाव होतं 'एक सामान्य प्रेक्षक'.

'पहिल्यापासून जांभूळच होतं. माहीत नसेल तर लिहू नये.'

'मला माहीत आहे. करवंद होतं,' पंतांनी लिहिलं.

'तुम्ही तिथे होता का?'

'तुम्ही होता का?'

यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'अभ्यास वाढवा.'

तिसऱ्या दिवशी जंगलाचे दोन तट पडले. माकडं जांभळाच्या बाजूला गेली, कारण त्यांना जांभळं आवडत. अस्वलाचे नातेवाईक करवंदाच्या बाजूला गेले, कारण माकडं जांभळाच्या बाजूला होती. 'मौन' या नावाने टिटवीने एका दिवसात दोनशे प्रतिक्रिया लिहिल्या. करवंदवाल्यांच्या पोरींना जांभूळवाल्यांनी सुना करून घेऊ नये, असं 'निर्मळ मन' यांनी सुचवलं.

ससा जांभूळवाला होता. तो पंतांच्या शेजारच्याच बिळात राहायचा. समोर आला की, "नमस्कार पंत, झालं का जेवण?" म्हणून विचारायचा. मग आपल्या बिळात जाऊन लिहायचा, 'त्या निर्भय ३३ नावाच्या गाढवाला कुणीतरी समजवा.' गाढवांनी याबद्दल निषेध नोंदवला होता.

पण खरी जुंपली होती ती दोघांचीच. 'एक सामान्य प्रेक्षक' रोज लिहायचा आणि पंत रोज उत्तर द्यायचे. एकदा त्याने लिहिलं, 'घरी कुणी ऐकत नाही, म्हणून इथे येऊन बोलता का?'

पंतांनी ते दोनदा वाचलं. मग रिकाम्या बिळाकडे एकदा बघितलं. मग लिहिलं, 'तुमचं काय जातंय?'

शेवटी पुराव्याची मागणी झाली. भाग चारशे बारा काढा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. पंत स्वतः अस्वलाकडे गेले.

"जुने भाग?" अस्वल मध चाटत म्हणालं. "पेटीत ठेवले होते की."

"मग पेटी दाखवा."

"पेटी नाही आता. सागाची करणार होतो, पण सावरीची स्वस्तात पडली. तिला वाळवी लागली. पहिले पाचशे भाग खल्लास."

"वाळवीने खाल्ले?"

"अथपासून इतिपर्यंत. मागच्या अंगणात हे एवढं वारूळ झालं होतं. आम्ही म्हटलं, आता काय करायचं? तर कुणीतरी सद्गृहस्थ येऊन ते वारूळच फस्त करून गेले. पाच दिवस बसून खात होते म्हणे. देव त्यांचं भलं करो!"

पंत तसेच मागे फिरले. त्यांना ते वारूळ आठवत होतं. वेणू गेल्यानंतरचं पहिलं धड जेवण होतं ते. त्या वाळव्यांची चव जरा रडवी लागली होती, पण तेव्हा त्यांना सगळंच तसं लागायचं.

म्हणजे करवंद की जांभूळ, याचा जगातला एकमेव पुरावा पंतांच्या पोटात जाऊन पचलेला होता. असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर पंतांनी त्यावर चांगली खरमरीत प्रतिक्रिया लिहिली असती.

घरी येऊन त्यांनी रागारागाने लिहिलं, 'हिंमत असेल तर पत्ता द्या. समोर येऊन बोलतो.'

आता हे वाक्य जंगलात सगळेच लिहायचे. ससा तर दिवसातून चारदा लिहायचा, एकदा त्याने वाघाला लिहिलं होतं. पत्ता कुणी देत नसतं. ती पद्धत नाही. पत्ता मागायचा, समोरच्याने द्यायचा नाही, आणि मग 'पळपुटा' असं लिहून झोपायचं.

'एक सामान्य प्रेक्षक' यांनी पत्ता दिला.

'नदीपलीकडचा जुना मोह. खालची बेचकी. उद्या दिवेलागणीला या.'

पंतांची पंचाईत झाली. पत्ता मिळाल्यावर काय करायचं, हे जंगलात कुणालाच माहीत नव्हतं. पण प्रश्न वेणूचा होता. दुसऱ्या दिवशी ते नदी ओलांडून मोहाखाली गेले. 'करवंदच होतं!' असं दरडावून म्हणायचं, हे त्यांनी वाटेत अठरा वेळा घोकलं होतं.

वरून आवाज आला, "कोण आहे?"

पंतांनी ताबडतोब गुंडाळून घेतलं.

एक म्हातारी शेकरू हळूहळू खाली उतरली. शेपटी झुपकेदार होती, पण टोकाशी विरळ झाली होती. तिने त्या चेंडूभोवती एक चक्कर मारली.

"निर्भय तेहतीस ना तुम्ही?"

चेंडू गप्प.

"दिसताय निर्भय," शेकरूबाई म्हणाल्या. "मोहाच्या फुलांचा काढा केलाय. घेता का?"

चेंडू गप्पच.

"बरं, राहा तसेच. तोंड न दाखवता बोलणारे रोजच भेटतात मला. तोंड दाखवून बोलायला आता कुणी येत नाही." त्या मुळीवर टेकल्या. "उलट बरंच झालं. मला जे सांगायचंय ते तोंडाकडे बघून सांगता आलं नसतं. ओळखलंत का मला? नसेल ओळखलं. दरीत पडण्याआधीची खार मी."

पंतांनी नाक आणखी आत खुपसलं. म्हणजे जिच्या हातात ते फळ होतं, तिलाच आपण तीन आठवडे 'डोळे तपासा' असं सांगत होतो!

"त्या दिवशी मी सकाळपासून उपाशी होते," शेकरूबाई म्हणाल्या. "अस्वल म्हणालं, रडायचा प्रसंग आहे, रिकाम्या पोटी रडू चांगलं येतं. अकरा वेळा रडले मी. मग मध्येच ढग आला. सगळे थांबले. मी आपली उंबऱ्यात उभी, हातात करवंद. चांगलं पिकलेलं होतं हो. ते कधी तोंडात गेलं, मला कळलंच नाही."

चेंडू किंचित हलला.

"एक वानर धावत जाऊन दुसरं फळ घेऊन आलं. करवंदं संपलेली. जांभूळ मिळालं. तेवढ्यात ऊन आलं आणि अस्वल ओरडलं, 'चला, ठेवा फळ!' मी ठेवलं. आणि ती हनुवटी थरथरली ना, जिच्यावर सगळं जंगल रडलं?"

"हं," चेंडूतून आवाज आला.

"मी बी चघळत होते."

मग चेंडूतून एक विचित्र आवाज आला. पंत हसत होते. गुंडाळलेल्या अवस्थेत हसलं की खवले वाजतात.

"हसा," शेकरूबाई म्हणाल्या. "शंभर भागांत राणी झाले, दोनशे भागांत आजारी होते. लोकांना माझं आठवतं काय, तर ती हनुवटी. ते तरी राहू दे म्हणून मी रोज जांभूळ जांभूळ करत बसते. अडीच वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. आणि तुम्ही कुठून आलात हो बघणारे?"

"मी नाही बघितलं," पंत आतूनच म्हणाले.

"मग?"

"आमच्या हिने बघितलं."

"मग त्यांनाही आणायचं ना सोबत."

चेंडू आणखी घट्ट झाला. शेकरूबाईंनी पुढे विचारलं नाही. त्या उठल्या, काढा गार झाला होता तो पुन्हा ऊन केला, आणि चेंडूला जिथे तोंड असावं असं वाटलं तिथे आणून ठेवला.

"करवंदच म्हणाल्या होत्या?"

"करवंदच. माहेर करवंदीच्या जाळीखालचं होतं तिचं." पंतांचं नाक हळूच बाहेर आलं. "मी म्हणालो, तुझे डोळे गेलेत."

"म्हणतात नवरे."

"हो, पण नंतर—" पंत म्हणाले आणि काढा प्यायले.

निघताना शेकरूबाई म्हणाल्या, "जा, आता लिहा. जिंकलात तुम्ही. मीच सांगितलं म्हणून लिहा."

पंत घरी आले. त्यांनी फोन पुढ्यात घेतला. लिहिलं, 'प्रत्यक्ष शेकरूबाईंनी मला सांगितलं की.' इथवर लिहून जीभ थांबली. आता पुढचं वाक्य लिहिलं की वेणू सगळ्या जंगलादेखत खरी ठरत होती. आणि ती हनुवटी पुन्हा कुणाला रडवू शकणार नव्हती.

वेणू काय म्हणाली असती, याचा त्यांनी विचार केला. ती म्हणाली असती, "खाल्लं तर खाल्लं. उपाशी होती बिचारी."

पंतांनी लिहिलेलं पुसलं. नवीन लिहिलं, 'जांभूळच होतं. माझी चूक झाली.'

जंगलात हाहाकार उडाला. 'माझी चूक झाली' हे शब्द त्या पानावर आजवर कुणी लिहिलेच नव्हते. काहींना वाटलं, ही शिवी असावी. 'जबडेतोड' यांनी काळजीने लिहिलं, 'निर्भयराव, तुमचं खातं चोरीला गेलंय. आत कुणीतरी सभ्य प्राणी शिरलाय.' करवंदवाल्यांनी लिहिलं, 'विकला गेला! किती जांभळं मिळाली रे?'

शेकरूबाईंनी ते वाचलं. त्यांनी जंगलाची सगळी प्रथा मोडली आणि स्वतःच्या नावाने लिहिलं, 'मी शेकरू. ती खार मीच होते. आधी करवंद होतं. मी ते खाल्लं. ज्यांनी ओळखलं, त्यांची नजर चांगली होती.'

आता खरं बाहेर आलं, वाद मिटला, असं तुम्हाला वाटलं ना? तुम्ही अजून लहान आहात.

'खोटं खातं आहे हे,' माकडांनी लिहिलं.

'शेकरूबाईंची बदनामी सहन करणार नाही,' टिटवीने लिहिलं. खाली नाव, 'मौन'.

'खऱ्या शेकरूबाई असं कधी खाणार नाहीत. मी त्यांना जवळून ओळखतो,' असं 'निर्मळ मन' यांनी लिहिलं.

'तू होतीस का तिथे?' सशाने विचारलं. 'हिंमत असेल तर पत्ता दे!'

आणि सगळ्यांच्या खाली 'निर्भय ३३' यांची प्रतिक्रिया होती, 'जांभूळच होतं. शेकरूबाईंच्या हनुवटीला कुणी काही बोलायचं काम नाही.'

'करवंद!' शेकरूबाईंनी लिहिलं.

'जांभूळ!'

'अभ्यास वाढवा!'

तेव्हापासून तो वाद चालूच आहे. फक्त बाजू बदलल्या आहेत. रोज सकाळी शेकरूबाई करवंदासाठी भांडतात आणि दुपारभर खवलेपंत जांभळासाठी. दिवेलागणीला दोघं मोहाखाली बसून काढा घेतात आणि दुसऱ्या दिवशी काय काय लिहायचं ते ठरवतात. पंत आता गुंडाळून घेत नाहीत. म्हणजे घेतात, पण नाक बाहेर ठेवून.

मग पंत नदी ओलांडून घरी येतात. बिळात शिरतात. डाव्या बाजूची जागा रिकामी असते, तिच्याकडे तोंड करून पडतात आणि म्हणतात,

"करवंदच होतं गं."

तात्पर्य : क्षुल्लक गोष्टींवरून अनोळखी लोकांशी वाद घालू नये. तो घरच्या माणसाशी घालावा, आणि हरायला फार उशीर लावू नये.